मधुमेहींच्या मूत्रपिंडाचा अहवाल : धोक्याची सूचना उशिरा का हाती येते?

कोलकाता, १२ मार्च : मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन पाळला जातो, यंदा तो आज आहे. या निमित्ताने भरणाऱ्या शिबिरांत आणि एरवीही वर्षभर होणाऱ्या तपासण्यांत मधुमेही व्यक्तीचे लक्ष बहुधा एकाच आकड्याकडे असते : रक्तातील क्रिएटिनिन. तो छापील मर्यादेत असला की मूत्रपिंडे ठणठणीत असल्याचा निर्वाळा मिळतो. मर्यादेबाहेर गेला की घरात घबराट पसरते आणि डायलिसिसची भाषा सुरू होते. बऱ्याचदा पहिल्या वेळचा निर्धास्तपणाही चुकीचा असतो आणि दुसऱ्या वेळची घबराटही. मधुमेहाने मूत्रपिंडाला लावलेला घुण क्रिएटिनिनमध्ये दिसू लागतो तो बऱ्याच उशिरा. त्याआधी काही वर्षे तो लघवीत दिसत असतो. पण ती तपासणी आपल्याकडे सर्रास राहून जाते.

या उशिराचे मोजमाप देशापुढे चौदा वर्षांपासून आहे. गुजरातमधील नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलचे डॉ. मोहन राजापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराच्या राष्ट्रीय नोंदवहीचा पहिला अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ५२,२७३ रुग्णांच्या नोंदी होत्या. विकाराचे सर्वांत मोठे कारण मधुमेह होते; सुमारे ३१ टक्के रुग्णांची मूत्रपिंडे त्यापायी बिघडली होती. पण त्या अहवालातील खरी अस्वस्थ करणारी ओळ वेगळी आहे. जवळजवळ ४८ टक्के रुग्णांची नोंद झाली तेव्हाच ते पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात होते. या टप्प्यात मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता निरोगी माणसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकीही उरत नाही. तेथून मागे फिरण्याचा रस्ता जवळपास नसतो. डायलिसिस किंवा प्रत्यारोपण, एवढेच पर्याय समोर राहतात.

कोलकात्यात बसून या प्रश्नाकडे पाहण्याचे कारण आहे. हे शहर केवळ पश्चिम बंगालचे नव्हे, तर बिहार, झारखंड, ओडिशा आणि ईशान्येकडील राज्यांतील हजारो रुग्णांचे मोठे आश्रयस्थान आहे. सीमेपलीकडून, बांगलादेशातूनही रुग्ण येथे येत आले आहेत. एसएसकेएम, ज्याला शहर अजूनही आपुलकीने ‘पीजी’ म्हणते, ते सरकारी रुग्णालय पूर्व भारतातील अवयव प्रत्यारोपणाच्या प्रादेशिक समन्वय केंद्राचे ठिकाण आहे. पश्चिम भारतासाठी हीच जबाबदारी मुंबईच्या केईएमकडे आहे. एवढ्या लांबून येणारा माणूस साहजिकच त्रास अंगावर आल्यावर येतो. पायांना सूज, धाप, भूक मरणे, अंगाला खाज ही लक्षणे दिसू लागतात तोपर्यंत मूत्रपिंडांचा बराच भाग कामातून गेलेला असतो.

मधुमेहाची चर्चाही या शहराला नवी नाही. उष्ण कटिबंधातील मधुमेहावर १९०७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जी चर्चा प्रसिद्ध झाली, तिच्यात कलकत्त्याचे डॉ. कैलासचंद्र बोस यांचा सहभाग होता. त्या काळच्या डॉक्टरांना हा आजार प्रामुख्याने बैठी कामे करणाऱ्या सुखवस्तू, सुशिक्षित बंगाली कुटुंबांचा वाटत असे. पुढे १९२० च्या दशकात येथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि जे. पी. बोस यांनी मधुमेहावरील देशी उपायांची शास्त्रीय पारख सुरू केली. बंगालीत ज्या वेलीला ‘तेलाकुचा’ म्हणतात, ती म्हणजे आपली तोंडली. तिच्या रसाने साखर उतरते हा समज त्यांनी १९२५ मध्ये रुग्णांवर तपासून पाहिला आणि रक्तातील वा लघवीतील साखर त्याने कमी होत नसल्याचे चोप्रांनी नमूद केले. शंभर वर्षे उलटली, तरी समाजमाध्यमांवर रोज एखादा नवा रस, नवा काढा फिरत असतोच. समाजमाध्यमांना स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन नसते, एवढाच फरक.

सुखवस्तूंचा आजार ही त्या काळची समजूत मात्र आज टिकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्याचे निघाले : २६.४ टक्के. याच पाहणीच्या आधीच्या टप्प्यात, २०१७ मध्ये, असे दिसले होते की तुलनेने सधन राज्यांच्या शहरांमध्ये मधुमेह आता गरीब वस्त्यांत अधिक आहे. मूत्रपिंडाच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे, कारण वर्षानुवर्षे तपासण्या आणि औषधे चालू ठेवणे ज्यांना सर्वांत अवघड, त्यांच्याकडेच आजार सरकला आहे. दर दहा मधुमेहींपैकी साधारण दोन ते चार जणांना केव्हा ना केव्हा मूत्रपिंडाचा विकार जडतो, असे जगभरचा अनुभव सांगतो. कमीत कमी प्रमाण धरले तरी भारतात ही संख्या दोन कोटींच्या घरात जाते.

आता अहवालाकडे वळू. ‘केएफटी’ किंवा ‘आरएफटी’ या नावाने प्रयोगशाळा जो संच करून देतात, त्यात रक्तातील युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, सोडियम, पोटॅशियम हे घटक असतात. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. गाळण्याचे काम मंदावले की तो रक्तात साठू लागतो. तर्क सरळ आहे, पण त्यात दोन फटी आहेत.

पहिली फट स्नायूंची. ज्याच्या अंगात स्नायू कमी, त्याच्या रक्तात क्रिएटिनिन मुळातच कमी. त्यामुळे एकच आकडा दोन माणसांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. क्रिएटिनिन १.२ असलेला तीस वर्षांचा तरुण आणि तेवढेच क्रिएटिनिन असलेली बासष्ट वर्षांची स्त्री घ्या. सध्या जगभर वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्राने हिशेब केला, तर तरुणाचा गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, ८३ च्या आसपास येतो. त्या स्त्रीचा येतो अवघा ५१. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने राहिला तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंड विकार म्हणतात. म्हणजे तरुणाला चिंतेचे कारण दिसत नाही, तर त्या स्त्रीची मूत्रपिंडे तिसऱ्या टप्प्यात असू शकतात. आणि तरीही, वरची मर्यादा १.२ छापणाऱ्या प्रयोगशाळेच्या कागदावर दोघांच्याही आकड्यापुढे धोक्याची खूण उमटत नाही. घरातील वयस्क, किरकोळ अंगकाठीच्या स्त्रियांचे मूत्रपिंड विकार उशिरा ध्यानात येण्यामागे हे एक साधे, अंकगणिती कारण आहे. ईजीएफआर काढायला वेगळे रक्त लागत नाही, वेगळे रसायन लागत नाही. वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढ्यावर संगणक तो काढून देतो. तो प्रत्येक अहवालावर छापलाच पाहिजे, असा आग्रह धरायला खरे तर कोणाची हरकत असू नये.

सूत्रालाही आपल्याकडे मर्यादा आहेत. ही सूत्रे मुख्यतः पाश्चात्त्य लोकसंख्येच्या मोजमापांवर बेतलेली आहेत. भारतीयांचे सरासरी स्नायुमान कमी आणि आहारात मांसाचे प्रमाणही कमी. परिणामी सूत्र आपल्या मूत्रपिंडांना असतात त्याहून अधिक गुण देते, हे चंदीगडच्या पीजीआयमधील संशोधकांनी प्रत्यक्ष मोजणी करून दाखवले आहे. शाकाहारी, सडसडीत माणसाचा ईजीएफआर ६५ आला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

दुसरी फट याहून खोल आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सारा शरीराला परत करतात. मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात वाढलेल्या साखरेमुळे या गाळण्यांतील दाब वाढतो आणि त्या नेहमीपेक्षा जास्त काम करू लागतात. क्रिएटिनिन अशा वेळी उत्तम येते. अंगात ताप असताना चेहरा तुकतुकीत दिसावा, तसला हा प्रकार. या दाबाखाली गाळणीची जाळी हळूहळू सैल होते आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. पुढे काही गाळण्या निकामी होतात, तेव्हा उरलेल्या त्यांचे काम ओढून नेतात. म्हणून निम्म्याच्या आसपास क्षमता गमावेपर्यंत क्रिएटिनिन सर्वसाधारण मर्यादेत राहू शकते.

अल्ब्युमिनची ही झिरप मोजण्याची चाचणी म्हणजे युरिन एसीआर : लघवीतील अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी असलेले प्रमाण. चोवीस तासांची लघवी साठवण्याची गरज नाही. सकाळचा एक नमुना पुरतो. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गाळणी सैल झाली आहे. ३०० च्या वर म्हणजे नुकसान बरेच पुढे गेले आहे. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ‘अल्ब्युमिन : नाही’ असा शेरा येतो, त्यावर विसंबता येत नाही, ती साधी पट्टी ३० ते ३०० मधली झिरप बहुधा पकडू शकत नाही. आणि जे काही वाचवायचे असते, ते नेमके याच टप्प्यात.

ही माहिती काल-परवाची नाही. लंडनमध्ये हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशी सूक्ष्म झिरप मोजण्याची पद्धत १९६३ मध्ये मांडली होती. डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी १९८४ मध्ये दाखवले की प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात ही झिरप पुढच्या मूत्रपिंड विकाराची आणि अकाली मृत्यूचीही पूर्वसूचना देते. अल्ब्युमिन झिरपणाऱ्या मधुमेहीला हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो. अनेक रुग्ण डायलिसिसपर्यंत पोहोचतच नाहीत, कारण हृदय त्याआधीच दगा देते. टाइप दोन मधुमेहात निदान झाल्याच्या दिवसापासून, आणि टाइप एकमध्ये पाच वर्षांनंतर, दरवर्षी एसीआर आणि ईजीएफआर दोन्ही कराव्यात, असे अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना सांगतात. भारतातील मधुमेहतज्ज्ञांच्या आरएसएसडीआय या संस्थेच्या सूचनाही दोन्ही चाचण्या दरवर्षी करण्याच्याच बाजूच्या आहेत. शहरातल्या प्रयोगशाळेत एसीआरला काहीशे रुपये पडतात. दिवाळी, दुर्गापूजा किंवा महिला दिनाच्या सवलतीत विकल्या जाणाऱ्या साठ-सत्तर चाचण्यांच्या ‘पॅकेज’मध्ये जीवनसत्त्वांपासून थायरॉईडपर्यंत सगळे सापडते. मधुमेहीला जी हवी, ती अनेकदा त्यात नसते.

हे झाले चुकीच्या निर्धास्तपणाचे. घबराटीचीही बाजू आहे, आणि तिच्यापायी होणारे नुकसान कमी नाही.

क्रिएटिनिन १.० चे १.५ झाले एवढ्यावरून मूत्रपिंडे गेली असा निष्कर्ष काढता येत नाही. आदल्या रात्री भरपेट मटण खाल्ले असेल, जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले असेल, अंगदुखीवर तीन दिवस डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील, तरी आकडा चढतो. ज्या डायक्लोफेनॅकने मूत्रपिंडे निकामी होऊन उपखंडातील गिधाडे जवळपास नाहीशी झाली आणि म्हणून २००६ मध्ये ज्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर भारताने बंदी घातली, तेच औषध माणसांना औषधाच्या दुकानात किती सहज मिळते, हे सांगण्याची गरज नाही. एसीआरही ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम किंवा फार वाढलेली साखर यांमुळे तात्पुरता वर जाऊ शकतो. म्हणूनच नियम असा आहे की तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी किमान दोन दोषी ठरले तरच शिक्कामोर्तब करायचे. एका कागदावरून निकाल देणे वैद्यकाला मान्य नाही. मात्र क्रिएटिनिन काही दिवसांतच झपाट्याने वाढले, लघवी कमी झाली किंवा पोटॅशियम चढले, तर तीन महिने थांबण्याचा प्रश्नच नाही; तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

घबराटीतून माणूस दोन वाटांनी भरकटतो. एक वाट ‘क्रिएटिनिन उतरवून देतो’ म्हणणाऱ्या भुकट्यांची आणि काढ्यांची. त्यातील काहींत काय असते हे कोणी तपासलेले नसते, आणि जड धातू असलेले मिश्रण आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर आणखी बोजा टाकते. दुसरी वाट अधिक सूक्ष्म आहे आणि सुशिक्षितांनाही फसवते : जे औषध मूत्रपिंड वाचवते, तेच बंद करणे.

रक्तदाबासाठी दिली जाणारी लोसार्टन, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल यांसारखी औषधे गाळणीतला दाब उतरवतात. दाब उतरला की गाळण्याचा वेग सुरुवातीला थोडा घटतो आणि क्रिएटिनिन किंचित चढते. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत राहिली आणि पोटॅशियम ठीक असले, तर ते औषध काम करीत असल्याचे लक्षण मानतात. रुग्ण मात्र नवा अहवाल जुन्यापुढे धरून म्हणतो की गोळीने किडनी बिघडवली, आणि गोळी सोडून देतो. लोसार्टनवरील ‘रेनाल’ या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचा धोका त्या औषधाने २८ टक्क्यांनी घटला होता. पंचवीस वर्षे झाली, औषध स्वस्त आहे, सरकारी रुग्णालयांत मिळते. तरीही मधेच सोडले जाणारे औषध म्हणून त्याची गणना होते, याला मुख्यतः न समजावलेला अहवाल कारणीभूत आहे.

साखरेच्या आकड्यानेही अशीच फसगत होते. अनेक वर्षे न आटोपणारी साखर अचानक ‘सुधारू’ लागते, इन्सुलिन कमी लागते, आणि घरात आनंद होतो. वास्तविक इन्सुलिन शरीराबाहेर टाकण्याचे काम बऱ्याच अंशी मूत्रपिंडे करतात. ती थकली की इन्सुलिन अंगात रेंगाळते. त्याच सुमारास रक्त कमी झाले असेल, तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी ही चाचणीही भरवशाची राहत नाही. जुन्या मधुमेहीची साखर काही कारण नसताना उतरू लागली, तर पेढे वाटण्याआधी ईजीएफआर पाहणे शहाणपणाचे.

लवकर सूचना मिळण्याला आज जेवढा अर्थ आहे तेवढा पूर्वी नव्हता. दहा वर्षांपूर्वी डॉक्टरकडे साखर व रक्तदाब यांचे नियंत्रण आणि वर सांगितलेली औषधे एवढेच होते. २०१८ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनवरील ‘क्रेडेन्स’ ही चाचणी फायदा स्पष्ट दिसल्यामुळे मुदतीआधी थांबवण्यात आली. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनवरील ‘डापा-सीकेडी’ चाचणीचे निष्कर्ष आले, तिच्यात ४,३०४ रुग्ण सहभागी होते. मूत्रपिंडाची मोठी हानी किंवा मूत्रपिंड अथवा हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. ही औषधे मूत्रपिंडातील एसजीएलटी-२ नावाचा वाहक रोखतात. साखर आणि सोडियम यांना हा वाहक हातात हात घालून रक्तात परत नेतो. तो रोखला की दोन्ही लघवीवाटे जातात आणि गाळणीतला दाब उतरतो.

येथे बंगालशी जोडलेला एक धागा सांगण्याजोगा आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरे पडताच मीठ-साखरेचे द्रावण पाजून रुग्णांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. ते द्रावण आतड्यात शोषले जाते ते एसजीएलटी-१ या वाहकामुळे, म्हणजे आज ज्याला रोखून मूत्रपिंड वाचवले जाते त्याच्या सख्ख्या भावामुळे. एका ठिकाणी मीठ-साखरेची जोडी आत घेऊन जीव वाचतो, दुसऱ्या ठिकाणी ती बाहेर सोडून. व्यवहारातही या दोन गोष्टींची गाठ पडते : या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहीला जुलाब-उलट्या होऊ लागल्या किंवा खाणेपिणे थांबले, तर त्या काही दिवसांपुरत्या थांबवाव्या लागतात आणि मेटफॉर्मिन व रक्तदाबाच्या गोळ्यांबाबतही डॉक्टरांना लगेच विचारावे लागते. जुलाबाचे प्रमाण वाढवणाऱ्या पूर्व भारतातल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ही सूचना औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यायला हवी.

किंमत हा अडसरही बराच दूर झाला आहे. डापाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट २०२० मध्ये संपले. एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. साठ रुपयांच्या आसपास पडणारी गोळी काही भारतीय कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. मूत्रपिंडाला उपकारक ठरलेल्या सेमॅग्लुटाइड या इंजेक्शनच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंत होती. २०२४ च्या ‘फ्लो’ चाचणीत त्याने मूत्रपिंडाच्या गंभीर घटनांचा धोका २४ टक्क्यांनी घटवला होता. औषधे अशी आवाक्यात येत असताना ती कोणाला द्यायची हे ठरवणारी लघवीची चाचणीच होत नसेल, तर त्या स्वस्ताईचा लाभ मर्यादित राहणार.

धोरणाच्या पातळीवर पाहिले तर पैसा ज्या दिशेने वाहतो ती दिशा बोलकी आहे. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत डायलिसिस पोहोचले. त्याने असंख्य कुटुंबांना कर्जाच्या खाईतून वाचवले, यात शंका नाही. पश्चिम बंगालमधील ‘स्वास्थ्यसाथी’, केंद्राची ‘आयुष्मान भारत’, महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या सगळ्यांचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. योजनेचे कार्ड डायलिसिसच्या खाटेपाशी कामी येते. त्याआधी दहा वर्षे करायच्या लघवीच्या चाचणीपाशी येत नाही. आठवड्याला दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास यंत्राला जोडून घेणाऱ्या माणसाचा रोजगार बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. हा खर्च कोणत्याही योजनेच्या हिशेबात दिसत नाही. वर्षाच्या शंभर-दीडशे डायलिसिसच्या तुलनेत वर्षाची एक एसीआर किती नगण्य आहे, यासाठी वेगळ्या अभ्यासाची आवश्यकता भासू नये.

कागदावर दिशा बदलल्याच्या खुणा आहेत. असंसर्गजन्य रोगांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांद्वारे दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराचा समावेश झाला. त्याच वर्षी मे महिन्यात साडेसात कोटी मधुमेही आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे लक्ष्य केंद्राने जाहीर केले. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्यावर आपला पहिला ठराव संमत केला. परंतु आरोग्य केंद्रावर तीस वर्षांवरील व्यक्तीची तपासणी होते, तेव्हा बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली जाते आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब. मधुमेह निघालेल्या माणसाच्या हाती लघवीसाठी डबी देण्याची पायरी या साखळीत अजून पक्की बसलेली नाही. अडचण तंत्राची नाही. उपकेंद्रावर गोळा केलेला नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. क्षयाच्या थुंकीचे नमुने याच वाटेने वर्षानुवर्षे जात आहेत. अडचण आहे ती नोंदीची. गेल्या वर्षीचा ईजीएफआर ७४ होता आणि यंदा ६१ आहे, ही घसरण दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. गावातले उपकेंद्र, तालुक्यातला खासगी डॉक्टर आणि कोलकात्यातले रुग्णालय यांच्यामध्ये रुग्ण फिरतो, कागद मागे राहतात. म्हणून मधुमेहींनी साखरेच्या अहवालांबरोबर मूत्रपिंडाचे अहवालही तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेवावेत, हा साधा सल्ला अनेक डॉक्टर देतात, आणि तो औषधाइतकाच उपयोगी आहे.

मूत्रपिंडाबरोबर डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही याच फाइलमध्ये हवी. दोन्ही ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांना मधुमेह सारखाच छळतो; पडदा अगदी निरोगी असताना लघवीत भरपूर प्रथिन जात असेल, तर कारण मधुमेहाऐवजी दुसरे असण्याचा संशय घ्यावा लागतो आणि उपचारांची दिशा बदलते. राजापूरकर यांच्या नोंदवहीत सुमारे १६ टक्के रुग्णांच्या विकाराचे कारणच निश्चित होऊ शकले नव्हते, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे. रुग्ण शेवटच्या टप्प्यात आला की मूत्रपिंडे आकसलेली असतात आणि मूळ कारण शोधण्याची संधीही गेलेली असते.

आजच्या शिबिरात ज्यांनी केवळ क्रिएटिनिन तपासून घेतले असेल, त्यांना त्याच आकड्यावरून ईजीएफआर काढून मागता येईल आणि सकाळच्या लघवीचा एक नमुना देऊन एसीआर करून घेता येईल. तो ३० च्या वर आला, तर ताप, जंतुसंसर्ग आणि वेदनाशामक गोळ्या यांची चौकशी करून दुसरा नमुना घ्यायचा. त्यावरही शंका उरली, तर तिसरा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आणि त्यानंतर निर्णय.